सासूबाईंना समजेल असं इंग्रजी

मला इंग्रजी येत नाही हे मला सांगण्यासाठी शाळेने तिरुच्चीहून माणूस बोलावला होता. पोंगलच्या सुट्टीनंतर, आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर एक तास. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, वय माझ्या धाकट्या भाच्याएवढं. तो आम्हा नऊ शिक्षकांना मुलांच्या बाकांवर बसवायचा आणि ‘गुड मॉर्निंग, हाऊ डू यू डू’ असं एका सुरात म्हणून घ्यायचा. तेही संध्याकाळी साडेचार वाजता.

पापनाशमच्या त्या खाजगी शाळेत मी चोवीस वर्षं सहावी ते आठवीला विज्ञान शिकवलं होतं, तमिळमधून. सकाळच्या गाडीने तंजावरहून जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. मग एक दिवस ठरलं की जूनपासून शाळा इंग्रजी माध्यमाची होणार. आमच्याकडे शाळेचा कारभार ज्यांच्या हातात असतो त्यांना करस्पॉन्डंट म्हणतात. त्यांनी सांगितलं की शाळा उघडल्यावर प्रत्येक शिक्षकाने त्यांच्यासमोर इंग्रजीत एक पाठ घ्यायचा. जमला तर वर्ग, नाही जमला तर ‘दुसरी जबाबदारी’.

दुसरी जबाबदारी म्हणजे काय हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. जिन्याखाली ग्रंथालयाची खोली आहे. आमच्या चित्रकलेच्या सरांना एका भांडणानंतर तिथे बसवलं होतं, आणि ते तीन वर्षं पुस्तकांना खाकी कव्हरं घालत होते. त्यांच्या निरोपाच्या दिवशी एका नव्या बाईंनी मला हळूच विचारलं, “हे सर आपल्याच शाळेतले का?” मला त्या खोलीची भीती वाटायची. फळ्यासमोर उभं राहून मुलांना काहीतरी समजावणं, याखेरीज मला दुसरं काही येत नाही. ते काढून घेतलं तर मागे काय उरतं हे मी त्या सरांकडे पाहून पुरतं ओळखलं होतं.

तरीही मी तिसऱ्या तासाला उठून आले. झालं असं की त्या मुलाने प्रत्येकाला घरची भाषा विचारली. मी म्हटलं, मराठी. तो खूश झाला. पुण्याला दोन वर्षं नोकरी करून आला होता म्हणे. “मग बोला की काहीतरी मराठीत.” मी बोलले, जशी आम्ही घरात बोलतो तशी: “काय बोलूं? तुम्हि विचारा, मी सांगतें.” तो हसला. ही मराठी नव्हे म्हणाला. हेल तमिळ, शब्द अर्धे तमिळ, उरलेले कुठल्या काळातले कोण जाणे. मग सगळ्यांना उद्देशून समजावणीच्या सुरात म्हणाला, “बघा, यांची एकही भाषा धड नाही, म्हणून इंग्रजी अडतं.”

आमचे लोक तंजावरच्या मराठा राजांच्या वेळी इथे आले. तेव्हापासून त्यांनी याच भाषेत स्वयंपाक केला, भांडणं केली, मुलांच्या तोंडात घास भरवले आणि मेलेल्यांसाठी रडले. आणि हा दोन वर्षांचा पुणेकर मला सांगणार की ती धड नाही. मी पिशवी उचलली आणि स्टेशनवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांना सांगितलं की मी त्या तासाला बसणार नाही, जूनमध्ये पाठ मात्र घेईन. “तयारी कुठे करणार?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे मला गाडीत बसल्यावर कळलं. कारण घरी इंग्रजीचा गंध असलेलं कुणी नव्हतं. नवरा विजेच्या ऑफिसातून निवृत्त झालेला आणि मुळात कुठल्याच भाषेत फारसा न बोलणारा. आणि सासूबाई.

माझे वडील कथा, म्हणजे कीर्तन, करायचे. रामनवमीच्या दिवसांत मठात, एरवी कुणी बोलावलं तर तिरुवैयारूपर्यंत. आर्या, साक्या, ओव्या मराठीत म्हणायचे आणि त्यांचा अर्थ समोर जे बसले असतील त्यांच्या भाषेत सांगायचे: तमिळ माणसं असतील तर तमिळमध्ये, चार तेलुगू म्हाताऱ्या दिसल्या तर थोडं तेलुगूतही. मग पुन्हा तीच ओवी. दुसऱ्यांदा ऐकताना ती सगळ्यांना कळायची. मधूनच ते प्रश्न टाकायचे आणि ठरलेलं उत्तर लोकांकडून एका सुरात म्हणवून घ्यायचे. मी मागे बसून झांजा वाजवायचे. ते म्हणायचे, समोरच्याला सांगता आलं नाही ते तुला आलंच नाही.

आम्ही घरी मराठी लिहायचो तीही तमिळ अक्षरांत. वडिलांच्या ओव्यांची वही तशीच आहे. देवनागरी मी या सगळ्या प्रकारानंतर, पन्नाशी उलटल्यावर, हट्टाने शिकले. हे लिखाण त्याच हट्टातलं आहे, तेव्हा कुणाला चुका सापडल्या तर सापडू द्या.

तर मला इंग्रजी शिकायला एक समोरचा माणूस हवा होता. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. डोळ्यांना मोतीबिंदूनंतर अंधुकच दिसतं, कान मात्र असे की शेजारच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते सांगतील. त्यांना गोष्ट लागते. टीव्हीवरच्या तमिळ मालिकांतल्या सगळ्या सुनांना त्या कंटाळल्या होत्या. मी संध्याकाळी घरी आले की दोघींची फिल्टरची काप्पी करायचे, फोन टीव्हीला जोडायचे आणि इंग्रजीतला एक पक्ष्या-प्राण्यांचा व्हिडिओ लावायचे. एक वाक्य झालं की थांबवायचं. ते मी मोठ्याने म्हणायचं, मग सासूबाईंना आमच्या भाषेत सांगायचं, आणि मग पुन्हा इंग्रजीत. त्यांनी ‘हूं’ म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य लावायचं नाही.

पहिल्या दिवशी लांब चोचीच्या पाखरांचा व्हिडिओ होता. खाडीच्या चिखलात किडे खाणारी, कोंबडीहून लहान पाखरं. थंडीच्या आधी ती उत्तरेतल्या बर्फाळ मुलखातून निघतात आणि अख्खा महासागर ओलांडून दक्षिणेला जातात, मध्ये कुठेही न उतरता. एवढं सांगायला मला पाऊण तास लागला.

“कोठेंच उतरत नाहीं?” सासूबाईंनी विचारलं.

“नाहीं, अम्मा.”

“मग वाटेंत खातात काय?”

मला माहीत नव्हतं. मागे जाऊन ऐकलं. तो माणूस काहीतरी सांगत होता, पण एक शब्द हाताला लागत नव्हता. चारदा ऐकलं, पाचदा ऐकलं. शब्दकोश काढला. निघण्याआधी ती इतकं खातात की अंग दुप्पट होतं, आणि मग स्वतःची आतडीसुद्धा आक्रसून घेतात, कारण प्रवासात खायचंच नाही तर ते ओझं कशाला. हे मला कळलं तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली. सासूबाई म्हणाल्या, “येवढी एकादशी अम्च्यांत कोणी करत नाहीं.”

चुरचुरीत प्रश्न विचारणारा असा श्रोता त्या तिरुच्चीच्या मुलाला सात जन्मांत मिळाला नसता. मगर अंडी तोंडात घेऊन जाते तेव्हा दात लागत नाहीत का? कोळ्याच्या मादीने नवऱ्याला खाल्लं तर घर कोण बघतं? प्रत्येक प्रश्नासाठी मला मागे जावं लागे आणि प्रत्येक वेळी दोन नवे शब्द हाती लागत. वही भरत गेली. माझं इंग्रजी मात्र विचित्र झालं हे कबूल करते. भरती, ओहोटी, पिसं झडणं, भक्ष्यावर झेप घेणं, सगळं येऊ लागलं. झेब्र्याचा मृत्यू मी तपशीलवार सांगू शकत होते, पण ‘उद्या मला रजा हवी’ हे म्हणायला अडखळत होते.

फोनला काय वाटलं कोण जाणे, मार्चच्या सुमाराला त्याने आपणहून दुसरेच व्हिडिओ समोर टाकायला सुरुवात केली. रबरी बूट घातलेली एक बाई वाऱ्यात उभी राहून इंग्रजी कुठून आली ते सांगत होती. मी पाखरं शोधत होते, पण सासूबाई म्हणाल्या, असूं दे, आवाज चांगला अहे. मग आम्ही तेही लावू लागलो. ती बाई सांगत होती की इंग्रजी त्या बेटावर होड्यांतून आली, तुकड्यातुकड्यांनी. आधी एका टोळीचे लोक आले, मग लुटायला आलेल्यांचे शब्द राहिले, मग राज्य करायला आलेल्यांचे. गोठ्यात गाय असते तेव्हा तिला गरिबांचा शब्द, ‘काऊ’, आणि शिजून साहेबाच्या ताटात आली की राज्यकर्त्यांचा शब्द, ‘बीफ’. ‘ते लोक’ म्हणायलासुद्धा इंग्रजांनी लुटारूंचा शब्द, ‘दे’, उचलला आणि आता तोच आपला म्हणून वापरतात.

हे ऐकताना मला त्या पांढऱ्या शर्टाची आठवण झाली आणि अंगाचा तिळपापड झाला. मी व्हिडिओ थांबवून सासूबाईंना सगळं सांगितलं, जरा तावातावानेच. आमच्या घरात भांडी तमिळ, भाज्या तमिळ, नवस आणि शिव्या मराठी. इंग्रजांच्या घरातही तेच. मग त्यांची ती भाषा आणि आमची ती खिचडी, हे ठरवलं कोणी?

सासूबाईंनी काप्पीचा टंबलर खाली ठेवला. “त्यांस कोणी सांगट्लं नाहीं का, तुम्ची भाष धड नाहीं म्हणून?”

“सांगट्लं असेल. त्यांनीं ऐकलं नाहीं.”

“हूं,” त्या म्हणाल्या. म्हणजे पुढचं वाक्य लाव.

मे महिन्यात पाठाचा विषय आला: सजीवांचं स्थलांतर. मला हसू आलं. ती पाखरं माझ्या तोंडपाठ होती. पण सासूबाईंनी ती गोष्ट पुन्हा ऐकायला मागितली आणि शेवटी असा प्रश्न विचारला जो पहिल्यांदा सुचला नव्हता. “आणि पिल्लं? तीं बरोबर जातात?” आम्ही दोन संध्याकाळी त्यासाठी घालवल्या. पिल्लं बरोबर जात नाहीत. मोठी आधी निघून जातात. पिल्लं मागे राहतात, खातात, वाढतात आणि नंतर आपली आपण निघतात. वाट दाखवायला कुणी नसतं. “पोचतात कां?” सासूबाईंनी विचारलं. सगळी नाही, पण पोचतात. मगच त्या ‘हूं’ म्हणाल्या.

शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात माझा पाठ होता, सहावीच्या नव्या इंग्रजी वर्गावर. शेवटच्या बाकावर करस्पॉन्डंट, मुख्याध्यापिका आणि तो तिरुच्चीचा मुलगा फाइल उघडून. नियम आधीच सांगितला होता: वर्गात एकही तमिळ शब्द नको.

मी वडिलांसारखी उभी राहिले. हातात झांजा नव्हत्या एवढंच. आधी चिखलातलं पाखरू उभं केलं, मग वारा, मग पाणीच पाणी. आणि मग प्रश्न टाकला. ती कुठे जाते? दक्षिणेला. ती काय खाते? काही नाही. वाटेत कुठे उतरते? कुठेच नाही. इंग्रजीत, ठेक्यात. दुसऱ्या खेपेला मुलं माझ्याबरोबर म्हणू लागली, तिसऱ्या खेपेला माझ्याशिवाय. ‘शी ईट्स नथिंग’ म्हणताना बाक वाजत होते. शेवटच्या बाकावर करस्पॉन्डंटांचे ओठ हलताना मी पाहिले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. एक शब्द कुठे अडला नाही. मला माझाच अभिमान वाटत होता.

दुसऱ्या रांगेत एक मुलगी होती. ओरत्तनाडूकडच्या सरकारी शाळेतून नुकतीच आलेली, नवा गणवेश अजून कडक. ती सगळ्यांत मोठ्याने म्हणत होती. मी तिलाच विचारलं, इंग्रजीत, “ती का खात नाही?” तिने खाली पाहिलं. मी सोपं करून विचारलं. ती बाकाची कड नखाने खरवडू लागली. तिला एक अक्षर कळलं नव्हतं. नुसता ठेका पकडला होता, जसा मी लहानपणी मठात झांजा वाजवताना पकडायचे.

बाक खरवडणाऱ्या त्या बोटांकडे पाहताना मला पुढचं सगळं दिसत होतं. पाच मिनिटं उरली होती. तिला खाली बसवून पुढे गेले असते तर वर्ग माझा होता. मी तिच्याजवळ गेले आणि तमिळमध्ये सांगितलं. चारच वाक्यं. पाखरू, बर्फ, समुद्र, आक्रसलेलं आतडं. तिने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास आला, मग राग आला त्या पाखराच्या बाजूने, आणि मग तिने तमिळमध्येच विचारलं, “टीचर, मग पिल्लांचं काय?”

“पिल्लं नंतर निघतात,” मी तमिळमध्ये म्हणाले. “एकटी. वाट दाखवायला कुणी...”

“मॅडम, ओन्ली इंग्लिश,” मागून तो मुलगा म्हणाला आणि फाइल मिटली. मी त्याच्याकडे न वळता म्हटलं, इंग्रजीतच, की मुलीने प्रश्न विचारला आहे, आधी उत्तर होईल. पण करस्पॉन्डंट उठले होते, आणि ते उठले की सगळा वर्ग उभा राहतो. बाकांच्या आवाजात माझं वाक्य राहून गेलं.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही. खुर्ची दिली, पाणी मागवलं. “तुमच्या इंग्रजीला नाव ठेवायला जागा नाही,” ते म्हणाले. “मला सोमवारपासून तुम्हीच सहावीला हव्या आहात. फक्त एक ओळ लिहून द्या, की वर्गात यापुढे तमिळ वापरणार नाही.” त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. तो तसाच घेऊन मी गाडीत बसले.

घरी नवऱ्याने सांगितलं, “लिहून दे आणि वर्गात तुला हवं ते कर. कोण बघायला येतं?” शहाणपणाचा सल्ला होता. मीही गाडीत तोच विचार केला होता. सासूबाईंनी वेगळंच विचारलं. “त्या पोरीस कळलं कां?”

“कळलं, अम्मा.”

“कशांत कळलं?”

“तमिळांत.”

“मग नाहीं वापरणार म्हणून कसं लिहशील? खोटं होईल कीं.” एवढं बोलून त्यांनी काप्पी मागितली.

सोमवारी मी कागद परत केला. कोरा. जिन्याखालच्या खोलीची किल्ली मला मिळाली. शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस माझ्याशी सगळे फार हळू आवाजात बोलत होते, मयताच्या घरी बोलतात तसं. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी त्या खोलीत चित्रकलेच्या सरांची कव्हरं घातलेली पुस्तकं पाहून मी रडले. मग डोळे पुसले आणि शाळेचं वेळापत्रक वाचायला घेतलं. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास ग्रंथालयाचा असतो. इतकी वर्षं त्या तासाला मुलांना मैदानात सोडत. वेळापत्रकात विज्ञानासमोर माध्यम लिहिलं होतं, गणितासमोर लिहिलं होतं. ग्रंथालयासमोर काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी अडगळीतला जुना टीव्ही मागून घेतला. नको म्हणायला कुणाला कारण सुचलं नाही. पूर्वी मला तीन वर्ग होते, आता सहावी ते दहावी सगळे माझ्याकडे येतात. एक वाक्य लावायचं, थांबवायचं, इंग्रजीत म्हणायचं, तमिळमध्ये सांगायचं, पुन्हा इंग्रजीत. घरचा अभ्यास एकच: घरात ज्याला इंग्रजी अजिबात येत नाही अशा माणसाला ही गोष्ट सांगायची आणि त्याचा प्रश्न घेऊन यायचं. प्रश्न येतात. नडव्याला जाणाऱ्या, म्हणजे भातलावणी करणाऱ्या आयांचे येतात, फुलं विकणाऱ्या आजीचे येतात. त्यातले निम्मे मला येत नाहीत. ते मी संध्याकाळी घरी घेऊन जाते.

गेल्या महिन्यात सहावीचा तास चालू असताना करस्पॉन्डंट दारात येऊन उभे राहिले. ती ओरत्तनाडूची मुलगी उभी राहून पिल्लांची गोष्ट इंग्रजीत सांगत होती, मोडकीतोडकी पण स्वतःची. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, “टीचर, इथेही इंग्रजीच चालायला हवं.”

“लिहून द्या, सर,” मी म्हटलं.

ते गेले नाहीत. चौकटीला हात लावून उभे राहिले. मग आवाज खाली आणून, तमिळमध्ये, त्यांनी विचारलं, “ती पिल्लं... पोचतात का?”

मी त्यांना सांगितलं. आधी तमिळमध्ये, मग इंग्रजीत, आणि शेवटचं वाक्य मुलांबरोबर त्यांच्याकडूनही म्हणून घेतलं. त्यांनी लिहून द्यायचा तो कागद अजून आलेला नाही.